धाकटे मालक

३ ऑगस्ट

पोहोचले एकदाची साडेकला, सायगॉनच्याही पुढे, पार दक्षिणेत. बसमध्ये पाय इतके सुजले की चपलेचे पट्टे रुतून बसले, पण मन एकदम हलकं आहे. संग्रह ज्या घरात आहे ते तांदळाच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं घर, अगदी नदीला चिकटून. खाली नाटकाचा संग्रह, वर माझी खोली, आणि खिडकीखालून फुलझाडांच्या कुंड्या भरलेल्या होड्या जातात. माझा नवरा फोंग तेलविहिरीवरून महिन्यातून एकदा येणार. तोवर मी आणि पोटातल्या सहा महिन्यांच्या बाईसाहेब. मुलगी आहे असं कुणी सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे.

इथल्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीचा सगळा ऐवज या घरात येऊन पडला आहे. जुन्या लिपीतल्या संहिता वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली, म्हणून मला थेट उत्तरेतून बोलावणं. १२ सप्टेंबरला नाटकाच्या पूर्वजांचा उत्सव आहे, त्या दिवशी संग्रह लोकांना खुला होईल. त्याआधी सूची पुरी करायची. प्रमुख खांग साहेब भले गृहस्थ आहेत, फक्त दर वाक्यात 'वेळेत' हा शब्द घातल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही.

इकडे दक्षिणेत माणसांना जन्माच्या क्रमाने हाक मारतात. पहारा करणारे ते सहावे काका. ते पूर्वी याच कंपनीत पडदे ओढायचे. पूर्वजांच्या वेदीवर रोज धूप लावायला येणारी म्हातारी नटी ती आठवी मावशी. माझी उत्तरेची बोली ऐकून सहावे काका म्हणाले की ही पोरगी बोलते की भाजी चिरते. मी म्हटलं, तुमच्या भाजीतसुद्धा साखर असते, चिरावी तरी लागते कुठे. उसाचा रस मात्र झकास. तो प्यायले की बाईसाहेबांना पोटात उचक्या लागतात, अगदी ठेक्यात, टुक टुक टुक. आज बराच वेळ पोटावर हात ठेवून नुसती बसले होते.

८ ऑगस्ट

काय एकेक वस्तू आहे इथे. सालीच्या कागदावरच्या संहिता, त्यांच्या कडांना नटांची रंगलेली बोटं उमटलेली. लाल ठसा असला की समजावं ही निष्ठावान सरदाराची नक्कल, पांढरा असला की कपटी प्रधानाची. खऱ्या केसांच्या दाढ्या. राजाच्या मुकुटातली तित्तिराची पिसं. एक खरी तलवार, धार अजून शाबूत. आणि दाद देण्याचा ढोल. आमच्या जुन्या नाटकांत टाळ्या वाजवत नाहीत. गावातला जाणकार माणूस ढोलाशी बसतो आणि प्रसंग रंगला की टोला देतो. मनासारखा टोला मिळावा म्हणून नटांनी म्हणे जन्म घालवले.

कापराच्या लाकडाची एक पेटी आठव्या मावशीने स्वतः उघडली. आत लाल कापडाखाली दोन लाकडी बाळं, हुबेहूब एकसारखी, गाल झिजून गुळगुळीत झालेले. मावशी त्यांना बाहुल्या म्हणू देत नाही. धाकटे मालक म्हणायचं.

गोष्ट अशी. दोन लहान राजपुत्रांना नाटकाचं वेड होतं. बाप रागावेल म्हणून ते रंगमंचाखाली लपून नाटक पाहायचे. पाहता पाहता भूक विसरले, घर विसरले, आणि एके दिवशी एकमेकांच्या मिठीत मेलेले सापडले. तेच नाटकवाल्यांचे पूर्वज झाले. म्हणून नाटकात तान्हं मूल लागलं की याच दोघांना घेतात. मावशीने आईच्या भूमिकांत चाळीस वर्षं त्यांना कडेवर घेतलं. तिला स्वतःला मूल नाही.

उत्सवाला तेच नाटक आहे ज्यात ती गाजली. राजपुत्राला मारायला शिपाई येतात, तेव्हा त्याची दासी आपलं स्वतःचं मूल राजपुत्राच्या पिवळ्या वस्त्रात गुंडाळून त्यांच्या हवाली करते, आणि शिपाई त्यावर तलवार चालवतो. पण तलवार धाकट्या मालकांना कशी लागू द्यायची? म्हणून मावशी गाता गाता विंगेकडे दोन पावलं येते, पाठ फिरवते, मालकांना आत देते आणि कापडाची गुंडाळी घेऊन वळते. प्रेक्षकांना कधी कळलंच नाही म्हणाली. तिने मला करूनही दाखवलं. डोळ्यासमोर होऊन मला दिसलं नाही.

सूचीसाठी दोघांचं वजन केलं, भरीव लाकूड, हाताला चांगलं जड लागतं.

१६ ऑगस्ट

आईने घरून थीची फळं पाठवली. पिवळीधमक, तांबडट देठाची, खोका उघडला आणि सगळ्या दालनात वास भरला. आमच्याकडे हे हुंगायचं फळ. दोऱ्याच्या जाळीत घालून उशाशी टांगतात. खाणारे थोडे. मी पाच-सहा जाळ्या विणून कामाच्या टेबलावर टांगल्या, जुन्या कागदाच्या कुबट वासावर याच्यासारखा उतारा नाही. आणि एक खाल्लं. डोहाळ्यांपुढे कुणाचं चालतं? चव ठीकच होती, वास मात्र घशात उतरला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

आठवी मावशी धूप लावायला आली आणि दारातच थांबली. डोळे मिटून तिने मोठा श्वास घेतला. मी विचारलं, आवडला का वास. ती नुसती हसली. मग माझ्या पोटाकडे बघून विचारलं की एखादं खाल्लंस का गं. मी हो म्हटल्यावर मला कधीची तारीख दिली आहे तेही विचारून घेतलं. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली. बरं वाटलं. परक्या गावात कुणीतरी मायेचं हवंच.

दुपारी सगळे झोपतात तेव्हा ढोलाचा एक टोला ऐकू आला. उंदीर असेल.

२१ ऑगस्ट

दोन जाळ्या जागेवर नाहीत. शोध शोध शोधल्या. शेवटी पेटीत सापडल्या, लाल कापडाखाली, एकेक जाळी एकेका मालकाच्या बाहीत खोचलेली. आणि दोघंही कुशीवर, तोंड माझ्या टेबलाकडे. मी त्यांना पाठीवर झोपवलं होतं. फोटो आहेत.

मावशीचंच काम, असं धरून चालले. तिचा जीव आहे त्यांच्यावर, दिली असतील फळं खेळायला. विचारलं तर तिने मान डोलावली, पण ती कशालाही तशीच डोलावते. खांग साहेबांना सांगितलं तर म्हणाले, सूची वेळेत होते आहे ना.

जेवणानंतर पुन्हा टोला. या वेळी मी ढोलासमोरच उभी होते. काठी खुंटीला टांगलेली. कातडं थरथरत होतं.

२५ ऑगस्ट

सहावे काका घरच्या श्राद्धाहून आज परतले. दालनात पाऊल टाकलं आणि त्यांच्या हातातला चहाचा पेला खाली पडला. मग त्यांनी सगळ्या जाळ्या तोडल्या आणि मागच्या दारातून नदीत फेकल्या. मी चिडले. आईने एवढ्या लांबून पाठवलेली फळं.

काका धापा टाकत पायरीवर बसले आणि म्हणाले की नाटकघरात थी आणायचं नसतं, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धाकट्या मालकांना तो वास जिवापाड आवडतो. तो आला की ते नाटक सोडून फळामागे जातात, फळ जिथे जाईल तिथे. म्हणून कुणी आणलंच तर ते पाण्यात सोडायचं. नदी नेते, आणि वास विरला की ते परत येतात.

मी हसून म्हटलं, मग मी एक खाल्लं त्याचं काय. काका हसले नाहीत. त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

"फेकलेलं नदी नेते, पोरी. खाल्लेलं कुठे फेकायचं?"

त्यांनी विचारलं की आठवीने तुला सांगितलं नाही का. मी नाही म्हटलं. तिचं नाक गेलं असेल म्हातारपणी, असं ते पुटपुटले. तिचं नाक गेलेलं नाही. मी तिला वास घेताना पाहिलं आहे.

२९ ऑगस्ट

मी शिकलेली बाई आहे. म्हणून काल आधी वजन केलं. तोच काटा, तीच जागा. दोन्ही मालक वाळल्या भोपळ्यासारखे हलके. टिचकी मारली तर आत पोकळ वाजतं. लाकूड पोखरलं गेलं म्हणावं तर एक भोक नाही, भुसा नाही.

मग दवाखान्यात गेले. सुईणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, एक ठोका सापडला. जरा सरकवलं, दुसरा. जुळी असून सांगितलं का नाही, म्हणून मला रागावल्या. मग आणखी सरकवलं. यंत्र जुनं झालंय, सरकार नवं देत नाही, असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं. पण मी ऐकलं होतं. तीन.

रात्रभर फोंगला फोन लावत होते. सकाळी लागला. तो म्हणाला, उन्हाचा त्रास आहे, मी तेराला येतो, सायगॉनच्या मोठ्या इस्पितळात जाऊ. किती शांतपणे बोलतो तो. मला त्या शांतपणाचा राग आला.

२ सप्टेंबर

सुट्टी. घरात मी एकटी.

माझ्या घामाला थीचा वास येतो. उशीला येतो. आंघोळ करून आले की पुन्हा येतो.

लाथा आता वेगळ्या आहेत. दोन बाजूंनी, दोघांच्या, हावऱ्या. मी संहिता मोठ्याने वाचली की थांबतात. पूर्ण थांबतात, जसं पडदा वर जाताना लोक थांबतात. वाचणं थांबवलं की पुन्हा सुरू, आणि खाली ढोलाचा टोला. वाचायचं. पुढे काय झालं ते वाचायचं. घसा बसला आहे. लिहितानाही ओठ हलवत लिहिलं तर चालतं त्यांना, म्हणून हे लिहिते आहे.

उसाचा रस प्यायले. दोन पेले. उचकी लागली नाही.

५ सप्टेंबर

दवाखाना. आज दोनच ठोके. सुईणबाई हसल्या, म्हणाल्या बघा, यंत्राचीच चूक होती, छान जुळी आहेत.

सुईणबाईंना कसं सांगू की त्या दोघांतलं एकही माझं नाही.

कुठे आहेस गं तू. माझ्याच पोटात होतीस आणि मला कळलंही नाही कधी गेलीस.

८ सप्टेंबर

दुपार. पेटीशी बसून सूचीची शेवटची पानं लिहीत होते. सवयीने रसाचा पेला हातात. प्यायले.

टुक.

पोटात नाही. पेटीत.

टुक. टुक.

कापड काढलं. डावीकडचे मालक — डावीकडची बाहुली — जड झाली आहे. मान सावरायला हात खाली घालावा लागला. गाल ऊबदार. लाकूडच आहे, डोळे रंगवलेले, पण उचकी लागली की छातीशी धरलेल्या माझ्या हाताला धक्का बसतो. हाच ठेका. तोच.

रडले. खूप रडले. पलीकडे ढोलाचा टोला पडला. त्यांना माझं रडणं आवडलं.

सहाव्या काकांकडे विड्याचं पान होतं. तान्ह्या बाळाला उचकी लागली की आम्ही पानाचा तुकडा कपाळाला चिकटवतो. मी चिकटवला. उचकी थांबली. काका दाराशी उभे राहून बघत होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

तिला पोटाशी धरलं. आतून दोघांनी अशा लाथा मारल्या की मी आडवी झाले. काका म्हणाले की घर भरलेलं आहे, ती आत कशी येईल. पण उपाय आहे. बाराला नाटक. धाकट्या मालकांच्या बाहुल्या घेऊन दासी रंगमंचावर आली की ते आत थांबणार नाहीत, त्यांचा जीव नाटकात. ते बाहेर पडले की तेवढ्यात पोरीला पोटाशी धरायचं.

"तिला घर माहीत आहे," काका म्हणाले. "दार उघडं हवं, बस."

९ सप्टेंबर

म्हणजे सगळं आठव्या मावशीच्या हातात. बाहुल्या तिच्याकडे, प्रवेश तिचा. ती विंगेकडे दोन पावलं येईल, पाठ फिरवेल, पोरीला माझ्या हातात देईल आणि कापडाची गुंडाळी घेऊन वळेल. चाळीस वर्षं केलेलंच काम.

मी तिला विचारलं, तुला वास आला होता, मग बोलली का नाहीस. तिने नाकारलं नाही. वेदीकडे तोंड करून सांगत राहिली की चाळीस वर्षं मांडीवर घेतलं त्यांना, पाळणे म्हटले, पण एकदाही कुणी माझं बोट धरलं नाही. उपाशी मेलेली पोरं ती. त्यांना आईचं दूध कुणी द्यायचं? तिचा आवाज फाटला तेव्हा मलाही रडू आलं, याचीच मला चीड येते आहे.

मग मी तिचे पाय धरले. म्हटलं, मला माझी एकटीच हवी. दोन पावलं ये, एवढंच.

तिने वेदीवर हात ठेवला. धाकट्या मालकांची शपथ घेतली की त्यांच्या हिताचं तेच करीन.

काका म्हणतात, नटीने वेदीवर घेतलेली शपथ मोडत नाही.

११ सप्टेंबर

पानाचा तुकडा बदलला. हिरवा, ताजा. लांबूनही ओळखू येईल.

खांग साहेब खुशीत. सूची वेळेत. उद्या ढोलाशी ते बसणार, आणि शिपायाच्या हातात संग्रहातली तलवार देणार, लोकांना खरी वस्तू दिसावी म्हणून. मी म्हटलं नको. ते म्हणाले, कापडच तर कापायचं आहे.

कापडाची गुंडाळी मी स्वतः शिवली. पिवळं वस्त्र वरून. पुन्हा पुन्हा शिवण तपासली.

आतले झोपत नाहीत. वाट बघत आहेत. मीपण.

१२ सप्टेंबर

विंगेत बसले आहे. वही मांडीवर, गुंडाळी कुशीत. ओठ हलवत लिहिते आहे, म्हणजे आतले गप्प राहतात. अंगण भरलं आहे. ऊन आहे, लोक टोप्यांनी वारा घेताहेत. ढोलाच्या बाजूला दोन बुटकी स्टुलं, लाल कापड घातलेली, रिकामी. मालकांसाठी ठेवतात. पलीकडच्या विंगेत पडद्याच्या दोरीशी सहावे काका.

राजाचा प्रवेश संपला. प्रधान. पांढरा चेहरा.

मावशी आली. सत्तरीची बाई, वाटतं पंचविशीची. दोन्ही कडेवर दोन बाळं. उजवीकडे हिरवा ठिपका. ती बघ. ती माझी.

पोट —

हलकं झालं. एकदम. एवढं हलकं की मी पुढे कोलमडले. स्टुलांवरचं लाल कापड दबलं आहे. दोन्ही स्टुलांवर. बसले. गेले ते, गेले, दार उघडं आहे, ये आता —

काकांनी मान डोलावली.

मावशी गाते आहे. राजपुत्राला पाळण्यात ठेवलं. आता तिचं स्वतःचं मूल. पिवळं वस्त्र हिरव्या ठिपक्याभोवती गुंडाळते. संहितेत असंच आहे. बरोबर आहे. आता दोन पावलं.

शिपाई आला. तलवारीवर ऊन चमकलं.

गाणं लांबवते आहे. आता येईल. मी उभी आहे, एका हाताने गुंडाळी पुढे धरली आहे, वही खांबाला टेकवून —

ती माझ्याकडे बघते आहे. हसते. दारात हसली होती तशी.

मालकांच्या हिताचं. तिने शपथ घेतली होती, मालकांच्या —

ढोल. टोला. खांग साहेबांचा हात हललाच नाही.

ती पाठ फिरवत नाही. मावशी, गुंडाळी इकडे आहे. इकडे, माझ्या हातात. मावशी, पाठ फिरव —

टुक.

एवढ्या लांबून, गाण्यातून मला ऐकू आली, तिला उचकी लागली आहे, शिपायाने हात वर — मी येते, येते गं, मी आ